वाटून घेतलेलं औषध

तिला सगळे आवतणबाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठेतरी असेलच, पण त्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून. आमच्या दवाखान्यातर्फे गल्लीत दारोदार फिरायचं आणि बायांना तपासणीला बोलवायचं, हे तिचं काम. लग्नाचं आवतण द्यावं तशी दारात उभी राहायची. "या बरं का, नक्की या, वाट बघते." म्हणून आवतणबाई. मी त्याच दवाखान्यात रक्त काढायची. तिने पहिल्याच दिवशी माझंही बारसं उरकून टाकलं: सुईवाली.

पुढे जे झालं त्याचं खापर बऱ्याच जणांनी तिच्या डोक्यावर फोडलं. त्यातले निम्मे कधी गल्लीत फिरकलेसुद्धा नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळं जवळून पाहिलंय, म्हणून मीच सांगते.

काम ऐकायला सोपं होतं. रोज एक गोळी घेतली तर एचआयव्ही होणं टळतं का, हे आमच्या डॉक्टरबाईंना तपासायचं होतं. त्यासाठी बाया हव्या होत्या. पण कशा? ज्यांना रोग झालेला नाही, पण होण्याची दाट शक्यता आहे, अशा. घरात सुखाने नांदणारी चालणार नाही आणि आधीच आजारी असलेलीही चालणार नाही. विहिरीच्या काठावरून चालणारी हवी, पण अजून न पडलेली. दवाखान्यात त्यांना 'जास्त धोक्यातल्या स्वयंसेविका' म्हणत. स्वयंसेविका! जशा काही त्या हौसेने धोक्यात राहायला गेल्या होत्या. तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आवतणबाई मात्र हसायची. म्हणायची, "मला बघ, मी परीक्षेला बसायच्या आधीच नापास."

कारण तिला रोग होऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीच्या टोकाच्या घरात तिने अर्धं आयुष्य काढलं, तिथेच तो लागला. मालकिणीने बाहेर काढलं तेव्हा ती आमच्या दवाखान्यात औषधाला आली आणि औषधाने उभी राहिल्यावर तिथेच कामाला लागली. रोज न चुकता स्वतःची गोळी घ्यायची, पदराला तोंड पुसायची आणि बाहेर पडायची. स्वतःबद्दल तिचं काही मागणं नव्हतं. तिचं सगळं मागणं धाकटीसाठी होतं.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. थोरली गल्लीत आली ती धाकटीच्या पोटासाठी आणि धाकटी गल्लीत येऊ नये म्हणून तिने जिवाचं रान केलं. शाळेत घातलं, शिवण शिकवलं, बरं स्थळ बघून उजवलं. नवऱ्याने दोन पावसाळेही नीट नांदवलं नाही. बहिणीचा धंदा कळला, हे निमित्त. एका दुपारी धाकटी पत्र्याची पेटी घेऊन त्याच टोकाच्या घराच्या दारात उभी राहिली. थोरली तेव्हा नुकतीच दवाखान्यात लागली होती. तिने हातापाया पडून पाहिलं, एकदा मुस्काटातही दिली. धाकटी म्हणाली, "तुझ्या दवाखान्याच्या पगारात तुझंच भागत नाही ताई, माझं कुठून भागवशील?" तेव्हापासून थोरलीला बहिणीचं एकच काहीतरी वाचवायचं राहिलं होतं, ते म्हणजे तिचं रक्त.

दर तपासणीला ती धाकटीला स्वतः हाताला धरून आणायची. पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे रोग नाही असं कळलं, की माझ्या गालाला हात लावून बोटं मोडायची. जसं काही ती रेघ मीच काढली होती.

आता त्या घराचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावर फिरलं. हा नियम आवतणबाईनेच तिथे राहत असताना घालून दिला होता. वाईट एकीच्याच वाट्याला येऊ द्यायचं नाही. दारू पिऊन हात उगारणारं, निरोध नको म्हणून हटून बसणारं गिऱ्हाईक आलं, तर मालकीण काय म्हणेल ते म्हणो, बाया आपापसात पाळी लावत. मागच्या वेळी तू सोसलंस, आज मी. चांगलंही तसंच. कुणाला अत्तराची बाटली मिळाली की जिन्यात सगळ्यांच्या मनगटाला थेंब लागायचा. नव्या पोरीला आधी हा नियम सांगायच्या, मग मोरी दाखवायच्या. त्या घरात बाकी काहीही धड नव्हतं. जिना कुजलेला, नळाला पाणी नाही, खिडक्यांना खिळे ठोकलेले. एवढा एक नियम धड होता.

गोळ्यांचं आवतण घेऊन ती तिथे गेली तेव्हा मी बरोबर होते. बाया जिन्यावर एकीखाली एक बसून केस विंचरत होत्या. आवतणबाईने दोन बाटल्या पुढे धरल्या.

"नीट ऐका गं. एका बाटलीत औषध आहे. दुसरीत नुसती पिठाची गोळी. दिसायला जुळ्या बहिणी. कुणाला कोणती मिळणार ते मला माहीत नाही आणि डॉक्टरबाईंनाही माहीत नाही."

"मग माहीत कुणाला?"

"कम्प्युटरला."

"तो येतो का इकडे कधी? बसवून विचारलं असतं," वरच्या पायरीवरून एकजण म्हणाली आणि जिनाभर हशा पिकला.

"हसा, हसा. पण लक्षात ठेवा, गोळीवर भिस्त ठेवायची नाही. निरोध हवाच."

"आणि तो नको म्हणाला तर?"

यावर कुणी हसलं नाही. तो नको म्हणाला तर काय, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

मग मालकिणीच्या खालोखाल जिचा शब्द चालायचा ती जाडी बाई म्हणाली, "हे बघ आवतणबाई, आमच्यावर काय काय प्रयोग झालेत ते आम्हाला पुरे. आधी तुझं माणूस घाल, मग आमचं."

खालच्या पायरीवर धाकटी होती. तोंडातली पिन काढून म्हणाली, "मी आहे ना. माझं नाव घाल ताई."

परत येताना आवतणबाईचे पाय जमिनीवर नव्हते. मला म्हणाली, "सुईवाली, निम्म्या बाटल्या खऱ्या आहेत. माझ्या धाकटीला खरी मिळायला काय हरकत आहे? आमच्या नशिबाने आजवर आम्हाला काही दिलेलं नाही. एवढं तरी देणं लागतं ते." मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणू?

धाकटी आली म्हटल्यावर ते अख्खं घर आलं, त्यामागून शेजारची घरं आली. डॉक्टरबाई खूश. महिन्याच्या महिन्याला बाया येत, मी रक्त काढी, रिकाम्या बाटल्या परत येत आणि नव्या जात. एकही गोळी उरलेली नसायची. डॉक्टरबाई म्हणायच्या, शिकलेली माणसं औषधं चुकवतात, या बघा कशा नेमाने घेतात. आवतणबाईची कॉलर ताठ. कॉलर नव्हती, पण पदर ताठ.

मग एकीच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. हळहळलो आणि म्हटलं, बिचारीच्या वाट्याला पिठाची बाटली आली असणार. आणखी एक निघाली, तेव्हाही तेच म्हटलं. जी निघेल ती आम्ही पिठावर ढकलत गेलो. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला होता. आवतणबाई ज्या बायांना स्वतः आवतण देऊन घेऊन आली होती, त्यांनाच आता औषधाच्या खिडकीपाशी सोबत करायची. गल्लीत तिला बघून एक दोन दारं लागायला लागली.

धाकटीची पट्टी माझ्याच टेबलावर होती. सकाळची वेळ, बाहेर बाकावर दोघी बहिणी एका दाण्याच्या पुडीवरून भांडत होत्या, तुला जास्त, मला कमी. मी पट्टीकडे बघत बसले. पहिली रेघ आली. मग दुसरी यायला लागली, आधी पुसट, मग स्पष्ट. मी दुसरी पट्टी घेतली. तिच्यावरही दोन. नियमाप्रमाणे निकाल मी सांगायचा नसतो, डॉक्टरबाई सांगतात. मी फक्त पट्टी आत नेऊन द्यायची. पण दार उघडून बाहेर आले आणि आवतणबाईने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून पोट भरलेली बाई. तिच्या हातातले दाणे तसेच राहिले. धाकटीच्या केसात अडकलेलं एक साल तिने काढलं आणि म्हणाली, "उरलेले तूच खा."

त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला: अभ्यास बंद करा. औषध घेणाऱ्या आणि पीठ घेणाऱ्या, दोन्ही गटांत सारख्याच बाया आजारी पडत होत्या. म्हणजे औषध कुचकामी. आणि मग साठवून ठेवलेलं रक्त तपासायला गेलं, कुणाच्या अंगात किती औषध होतं हे बघायला. ते निकाल आले तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हेत, पण त्या दिवशी ओरडल्या.

"जिला पीठ दिलं तिच्या रक्तात औषध सापडतंय! आणि जिला औषध दिलं तिच्यात निम्मंच! तू नळ्यांची सरमिसळ केलीस. दुसरं काही कारणच असू शकत नाही."

मी इतकी वर्षं रक्त काढतेय, एकही नळी इकडची तिकडे झालेली नाही. मी म्हटलं, "बाई, आळ घेण्याआधी एकदा गल्लीत चला." त्या आल्या नाहीत, मीटिंग होती. मी पाय आपटत निघाले. आवतणबाई माझ्यामागून आली. तिला वाटलं, मी कुणाच्या तरी झिंज्या उपटणार.

धाकटीने आम्हाला खोलीत घेतलं. मी तणतणत सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग उठली आणि फळीवरून झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा खाली काढला. आवतणबाई घर सोडताना मागे ठेवून गेलेला डबा तो. तळाशी अजून थोड्या गोळ्या होत्या.

"नळ्या नाही गं मिसळल्या," धाकटी म्हणाली. "गोळ्या मिसळल्या."

बाटल्या घरी आल्या की सगळ्याजणी त्या डब्यात ओतायच्या, डबा हलवायच्या आणि रोज त्यातली एकेक घ्यायच्या. शेजारच्या घरांनी बघून तसंच केलं होतं. चोरी नाही, लबाडी नाही. लपवायचं असतं तर डबा फळीवर कशाला ठेवला असता?

"एकीला सगळी खरी आणि एकीला नुसतं पीठ, असं कसं चालेल?" धाकटी म्हणाली. "त्या जाडीला पीठ मिळालं असतं तर? तिला दोन पोरं आहेत. म्हटलं, सगळ्यांना निम्मं निम्मं. ताई, नियम तुझाच ना? डॉक्टरबाई म्हणाल्या रिकामी बाटली आणा, आम्ही रिकामी आणली. डब्यात ओतू नका असं कुणी म्हणालंच नाही."

खरंच कुणी म्हणालं नव्हतं. गोळी चुकवू नका, विकू नका, नवऱ्याला देऊ नका, सगळं सांगून झालं होतं. वाटून घेऊ नका हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दगडापेक्षा वीट मऊ, असा त्यांचा साधा हिशेब. आणि ते औषध असं होतं की रोजच्या रोज पोटात गेलं तरच उपयोग. आज खरी, उद्या पीठ, परवा पीठ, याने अंगात ते साठतच नव्हतं. निम्मं औषध म्हणजे निम्मा बचाव नव्हे. सगळ्याजणी मिळून उघड्या राहिल्या होत्या.

आवतणबाई डब्याकडे बघत होती. मला वाटलं ही आता बहिणीला मारणार. तिने डब्याचं झाकण लावलं, नीट फिरवून घट्ट केलं आणि म्हणाली, "जेवलीस का?"

दवाखान्यात बातमी पसरली तसा एकेकाला कंठ फुटला. अडाणी बायका, कोट्यवधींचं काम मातीत घातलं. आवतणबाईला माहीत असणार, ती त्यांच्यातलीच. औषध चालतं की नाही हे शेवटपर्यंत कळलंच नाही. जे रक्त मी काढलं ते सगळं वाया. डॉक्टरबाईंनी माझी माफी मागितली, हे त्यांचं मोठेपण. आवतणबाईला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण त्या न बोलण्यानेच ती जास्त खचली असावी.

अभ्यास बंद झाला की प्रत्येकीला सांगायचं असतं, तुझी बाटली कोणती होती. बाया एकेक करून येत होत्या, ऐकत होत्या आणि जात होत्या. धाकटी आली नाही. ताप होता म्हणाली. तेव्हा डॉक्टरबाईंनी आवतणबाईला खोलीत बसवलं. धाकटीच्या उपचाराची बाटली द्यायला मीही तिथेच होते.

"तुझ्या बहिणीची खरी होती," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. एकही पिठाची नव्हती."

"म्हणजे स्वतःची बाटली स्वतः घेतली असती तर?" आवतणबाईने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत. पण कदाचित..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला आमचा हिशेबनीस हळूच म्हणाला, "दैव देतं आणि कर्म नेतं." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कर्म कसलं? वाटून खाल्लं हे कर्म?

उठता उठता डॉक्टरबाईंनी नव्या अभ्यासाचं सांगितलं. आता गोळी नाही, इंजेक्शन येणार. "ते वाटून घेता येणार नाही," त्या म्हणाल्या आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी मान खाली घातली. "पण बाया आणायला तूच हवीस. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणार नाहीत."

"त्या म्हणतील आधी तुझं माणूस घाल," आवतणबाई म्हणाली. "कुणाला घालू? होती ती घालून झाली."

तिथून आम्ही दोघी थेट धाकटीकडे गेलो. धाकटीची बाटली कोणती होती हे तिला सांगायचं काम आवतणबाईने डॉक्टरबाईंकडून मागून घेतलं होतं. दुपार होती. जिन्यावर बाया होत्या. कुणी हसलं नाही, पण वाट दिली. खोलीत पडदा ओढलेला, दोरीवर ओले कपडे. धाकटी पांघरूण घेऊन भिंतीला टेकली होती. डबा धुऊन फळीवर पालथा घातलेला होता. मी उपचाराची नवी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती कानाशी नेऊन हलवली.

"या तरी सगळ्या खऱ्या ना गं, सुईवाली?"

"सगळ्या खऱ्या. आणि वाटायच्या नाहीत."

"आता कुणाला वाटू? ज्यांना हव्यात त्यांना मिळाल्याच आहेत की." ती हसली आणि खोकली. मग थोरलीकडे वळली. "ताई, कळलं का? माझी कोणती होती?"

आवतणबाई खाटेच्या कडेला बसली होती. बहिणीची वेणी सुटली होती, ती तिने हातात घेतली आणि घालायला लागली. त्यामुळे तिचा चेहरा धाकटीला दिसत नव्हता. मला दिसत होता.

"पिठाची," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. जिची बाटली तिला ते कळण्याचा हक्क आहे, दवाखान्याच्या भिंतीवर तसं लिहिलंय. मी तोंड उघडलं नाही. उद्या कुणी जाब विचारला तरी मी हेच म्हणेन की मला ऐकू आलं नाही.

धाकटीच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. डोळे मिटून तिने डोकं मागे, बहिणीच्या हातात टाकलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "आपलं नशीब कधी खरं निघालंय? बघ ताई, वाटून घेतल्या तेच बरं झालं. नाहीतर माझ्या पोटात एकही खरी गेली नसती. दुसऱ्यांमुळे निम्म्या तरी मिळाल्या. तुझाच नियम कामाला आला."

आवतणबाईने वेणीचा पुढचा पेड घेतला.

"हो गं," ती म्हणाली. "बरं झालं वाटल्या."